जुना डिझेल ट्रक सुरू होत नसेल तेव्हा : आधी धूर पाहावा, मग पाना हाती घ्यावा

जुना डिझेल ट्रक सकाळी सुरू झाला नाही, की बहुतेक ठिकाणी एकच क्रम दिसतो. बॅटरी पूर्ण उतरेपर्यंत सेल्फ मारला जातो, मग चार माणसे गोळा करून गाडीला धक्का दिला जातो, तेवढ्यानेही भागले नाही की मेकॅनिकला बोलावले जाते आणि फिल्टर, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप), नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) असे एकेक भाग बदलायला सुरुवात होते. एवढा खर्च होऊनही मूळ दोष एखाद्या सैल जोडात किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये तसाच राहिलेला असतो. जुन्या डिझेल इंजिनाची रचना साधी आहे. त्यात संगणक नाही, सेन्सर नाहीत, आणि म्हणूनच कुठे अडले आहे हे ते आवाजातून आणि सायलेन्सरच्या धुरातून बरेचसे सांगून टाकते. ते समजून घेण्याआधी एकही बोल्ट सैल करू नये, असे माझे ठाम मत आहे.

येथे विचार केला आहे तो यांत्रिक इंजेक्शन पंप, म्हणजे नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा पंप, असलेल्या गाड्यांचा. टाटाचे सहा सिलिंडरचे, ५.६७५ लिटरचे ६९७ इंजिन, १९८६ मध्ये बाजारात आलेल्या ४०७ मधील चार सिलिंडरचे ४९७ इंजिन आणि त्याच पिढीतील लेलँडची इंजिने ही त्याची नेहमीची उदाहरणे. त्यांच्यावर बहुधा मायकोचा, म्हणजे आजच्या बॉशचा, पंप असतो. नव्या कॉमन रेल (एका सामाईक नळीत मोठ्या दाबाने डिझेल साठवणाऱ्या) गाड्यांना पुढील पद्धती लावू नयेत. त्या गाड्यांत पाइपमधला दाब हजार बारच्याही वर जातो आणि हाय प्रेशर पाइपचा नट सैल करून पाहण्याची जुनी सवय तेथे जिवावर बेतू शकते.

हात लावण्याआधी

गाडी सपाट जागी आणि न्यूट्रलमध्ये असावी, हँडब्रेक ओढलेला असावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके किंवा मोठे दगड लावलेले असावेत. एक माणूस बॉनेटखाली आणि दुसरा केबिनमध्ये असेल, तर खालच्याने मोठ्याने सांगितल्याशिवाय वरच्याने चावीला हात लावू नये. पंख्यात आणि बेल्टमध्ये बोटे जातात ती याच क्षणी. बॅटरी सोडवताना निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ विडी किंवा काडी पेटवू नये. आणखी एक गोष्ट फार गांभीर्याने घ्यावी : नोझलमधून उडणारा डिझेलचा फवारा हाताने अडवून पाहू नये. सुमारे २०० बार दाबाचा तो फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण आतले मांस सडू लागते आणि बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असे झालेच तर दुखत नसले तरी त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना दाबाखालील डिझेल आत शिरले आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगावे.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये किमान एक-दोन मिनिटे जाऊ द्यावीत. सेल्फच्या मोटारीतून शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो. सलग मिनिटभर मारलेला सेल्फ आतून जळतो, आणि मग मूळ दोषात आणखी एका दोषाची भर पडते.

पहिला प्रश्न : इंजिन जोमाने फिरते का?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या भागात दाबली जाते, त्यामुळे तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. ही उष्णता तयार व्हायला वेग लागतो. इंजिन मिनिटाला साधारण १०० ते १५० फेऱ्यांच्या गतीने फिरले नाही, तर दाबलेली हवा तापण्याआधीच तिची उष्णता थंड सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते आणि काही हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली सुटते. म्हणून सेल्फ फिरतो आहे एवढ्यावर समाधान मानू नये. तो नेहमीच्या जोमाने फिरतो आहे का, हे पाहावे. सुरू न होणाऱ्या अनेक गाड्यांचे डिझेल, पंप आणि नोझल उत्तम असतात. केवळ फिरण्याचा वेग अपुरा पडतो.

यासाठीची पहिली तपासणी फुकटची आहे. हेडलाइट लावून सेल्फ मारावा आणि समोर उभ्या माणसाला दिव्यांकडे पाहायला सांगावे. दिवे पूर्ण विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा संपर्क तुटतो आहे. दिवे मंद झाले आणि सेल्फ कण्हत फिरला, तर बॅटरी अशक्त आहे, केबलमध्ये प्रवाह अडतो आहे, किंवा इंजिनच जड झाले आहे. दिवे तसेच प्रखर राहिले आणि आवाजच आला नाही, तर चावीचा स्विच, त्यातून सोलेनॉइडकडे (सेल्फला बॅटरीशी जोडणाऱ्या विजेच्या स्विचकडे) जाणारी बारीक वायर किंवा खुद्द सोलेनॉइड यांत दोष शोधावा. सलग कट-कट-कट असा आवाज बहुधा कमी व्होल्टेजचा असतो. एकच जड ठोका येऊन सारे शांत झाले, तर सोलेनॉइडचे आतले तांब्याचे संपर्क जळलेले असतात किंवा मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेले असतात.

साधा मल्टिमीटर जवळ असेल तर अंदाजाचे काम उरत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बारा व्होल्टची निरोगी बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, आणि १२ म्हणजे जवळजवळ संपलेली. सेल्फ फिरत असताना बारा व्होल्टच्या गाडीत आकडा ९.६ च्या खाली आणि चोवीस व्होल्टच्या गाडीत १९ च्या खाली घसरला, तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासावी. त्यानंतरही घसरण तीच राहिली आणि सेल्फ व इंजिन जड नसेल, तर बॅटरी बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे.

मोठ्या ट्रकमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडून चोवीस व्होल्ट मिळवलेले असतात, आणि येथे आपल्याकडे एक चूक सर्रास होते. टेप, केबिनमधला पंखा, मोबाइलचा चार्जर यांना बारा व्होल्ट लागतात म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर घेतली जाते. ती बॅटरी रोज अधिक रिकामी होते. आल्टरनेटर मात्र दोघींना मिळून एकच प्रवाह पुरवतो, त्यामुळे एक कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन तिचे पाणी उडते. काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. अशा उपकरणांसाठी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवावा. बॅटऱ्या बदलताना दोन्ही एकाच वेळी, एकाच क्षमतेच्या घ्याव्यात. जुनीला नवी जोडली तर नवीचे आयुष्य जुनीएवढेच उरते.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद फिरत असेल, तर केबल आणि जोड पाहावेत. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला, तर तेवढा दाब वाटेतच वाया जातो आहे. तीच तपासणी निगेटिव्ह खांब आणि इंजिनच्या ब्लॉकचा कोरा धातू यांच्यामध्ये करावी, कारण जुन्या ट्रकमध्ये दुसरी बाजू अधिक वेळा दोषी निघते. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिनापासून चेसीपर्यंत येणारी अर्थिंगची पट्टी तुटली, की प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा इतर लोखंडी जोडांतून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल गरम लागणे ही त्याची पक्की खूण आहे. पट्टी काढून तिच्या खालचा रंग आणि गंज कानशीने घासावा, धातू चमकू लागल्यावर बोल्ट घट्ट आवळावा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, कोरडी करावी आणि वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीचा कट-ऑफ स्विच असेल, तर त्याचे संपर्कही याच वेळी पाहावेत.

सेल्फची मोटार जोरात घरघरते पण इंजिन हलत नाही, ही तक्रार वेगळी आहे. तेथे बेंडिक्स (सेल्फचे दातेरी चाक पुढे सरकवणारा भाग) किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते खराब असतात. इंजिन बंद होताना कोणत्या तरी सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला, म्हणजे दाबल्या जाणाऱ्या हवेला, अडून थांबते, त्यामुळे सहा सिलिंडरच्या इंजिनाचे फ्लायव्हील बहुतेक वेळा तीनच ठरावीक जागी थांबते आणि चार सिलिंडरचे दोनच जागी; सेल्फचा पिनियन वर्षानुवर्षे त्याच दात्यांवर आदळत राहतो. इंजिन हाताने थोडे फिरवल्यावर सेल्फ लगेच पकडत असेल, तर रिंगच झिजली आहे. रिंग तापवून उतरवता येते आणि दुसऱ्या ठिकाणी फिरवून किंवा नवी बसवता येते, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून हे काम क्लच प्लेट बदलण्याच्या वेळी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा प्रश्न : धूर येतो का आणि कोणता?

इंजिन जोमाने फिरत असूनही सुरू होत नसेल, तर एका माणसाने सायलेन्सरच्या तोंडापाशी उभे राहावे. या एका निरीक्षणाने निम्मे काम संपते, आणि तरीही ते क्वचितच केले जाते.

सेल्फ फिरतो आहे आणि धूर अजिबात नाही, याचा अर्थ सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. नोझल आणि कॉम्प्रेशनचा विचार या टप्प्यावर करण्याचे कारण नाही. दोष टाकीपासून पंपापर्यंत किंवा पंपात आहे.

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही. अशा वेळी फिरण्याचा वेग, कॉम्प्रेशन, पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) आणि नोझलचा फवारा, याच क्रमाने तपासावे. वास डिझेलचा नसून वाफेसारखा असेल आणि रेडिएटरचे पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये जात असल्याची शक्यता धरावी.

काळा धूर येऊन इंजिन पेटू पाहते पण उचलत नाही, तेव्हा हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर काढून एकदा सेल्फ मारून पाहावा. मात्र तशीच गाडी रस्त्यावर चालवू नये. एअर फिल्टरच्या पेटीत उंदराचे घरटे किंवा शेतातला भुसा सापडणे काही नवलाचे नाही, विशेषतः हंगामाखेरीज उभ्या राहणाऱ्या गाडीत.

धूर नाही : टाकीपासून पंपापर्यंत

सर्वांत आधी स्टॉपरची, म्हणजे इंजिन बंद करण्याची, केबल पाहावी. डॅशबोर्डवरची खुंटी आत ढकललेली असूनही केबल गंजल्यामुळे पंपावरचा लिव्हर बंदच्या बाजूला अडकून राहतो. बॉनेट उघडून लिव्हर हाताने हलवावा. तो स्प्रिंगच्या जोराने चालूच्या बाजूला परत आला पाहिजे. पंप उतरवून पंप रूममध्ये (पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये) नेल्यावर तो ठणठणीत आहे असे कळणे आणि दोष केबलचा निघणे, हे टाळण्यासाठी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी पुरते.

त्यानंतर टाकीत डिझेल खरोखर आहे का, हे काठी घालून पाहावे. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नये. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजले असेल, तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि डिझेल पुढे सरकत नाही. अशी गाडी काही अंतर चालून बंद पडते, थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते. झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर दोष सापडला असे समजावे.

आता मुख्य विषय : एअर, म्हणजे डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप ओढीचा आहे आणि फीड पंपापासून पुढचा पाइप दाबाचा आहे, हा भेद मनात पक्का असावा. दाबाच्या बाजूला गळती असेल तर डिझेल ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. ओढीच्या बाजूला फट असेल तर इंजिन चालू असताना तेथून एक थेंबही बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून कुठेही गळती नाही, तरी गाडी एअर पकडते, या तक्रारीचे उत्तर जवळजवळ नेहमी टाकी आणि फीड पंप यांच्यामध्येच असते. तडा गेलेला रबरी पाइप, सैल क्लॅम्प, चेसीला घासून बारीक भोक पडलेला धातूचा पाइप, फीड पंपाच्या गाळणीच्या वाटीचा कडक झालेला रबरी वॉशर आणि बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) पुन्हा पुन्हा वापरून चपटे झालेले तांब्याचे वॉशर या जागा एकामागून एक पाहाव्यात. तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा. काही रुपयांची वस्तू वाचवून दिवस घालवण्यात अर्थ नाही.

फट नेमकी कोणत्या भागात आहे हे ठरवण्यासाठी एक उत्तम युक्ती आहे. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडावा, तेथे फूटभर पारदर्शक पाइप लावून त्याचे दुसरे टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवावे आणि एअर काढून गाडी सुरू करावी. गाडी व्यवस्थित चालली आणि पारदर्शक पाइपात बुडबुडे दिसले नाहीत, तर फीड पंप आणि त्यापुढचे सर्व ठीक आहे. दोष टाकीच्या बाजूच्या पाइपात किंवा टाकीतल्या गाळणीत आहे. कॅनवरही गाडी तशीच वागली, तर फीड पंपापासून पुढे पाहावे. या एका प्रयोगाने अर्धी गाडी संशयातून मोकळी होते.

एअर काढण्याचा क्रमही नीट पाळावा. डिझेल फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करावा आणि फीड पंपावरचा हातपंप मारत राहावा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार अखंड झाल्यावर, पंप मारत असतानाच, स्क्रू बंद करावा. नंतर इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूपाशी तेच करावे. हातपंप मोकळा जातो आणि डिझेल चढतच नाही असे वाटले, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह खराब आहेत किंवा ओढीच्या पाइपात मोठी फट आहे. काम झाल्यावर हातपंपाची मूठ फिरवून खाली पक्की बसवावी. ती सैल राहिली तर तेथूनच पुन्हा एअर जाते. एवढे करूनही धूर दिसत नसेल, तर दोन-तीन नोझलवरचे हाय प्रेशर पाइपचे नट एका फेऱ्याने सैल करावेत, नटांवर फडके टाकावे, चेहरा दूर ठेवावा, स्टॉपर चालूच्या बाजूला आणि ॲक्सिलरेटर दाबलेला ठेवून सेल्फ मारावा. डिझेल झटक्याझटक्याने बाहेर येऊ लागले की सेल्फ थांबवून नट आवळावेत. हातपंपाने डिझेल पंपापर्यंत येते पण या नटांपाशी काहीच येत नाही, तेव्हाच पंपाच्या आतल्या दोषाचा, म्हणजे अडकलेल्या रॅकचा (डिझेलचे प्रमाण ठरवणाऱ्या दांडीचा) किंवा तुटलेल्या कपलिंगचा, विचार करावा.

संध्याकाळी उत्तम चालणारी गाडी सकाळी फार वेळ सेल्फ मागते, ही जुन्या ट्रकची सर्वांत परिचित तक्रार आहे. रात्रभरात डिझेल मागे टाकीकडे उतरते आणि पाइपात हवा भरते. खात्रीसाठी सकाळी पहिला सेल्फ मारण्याआधी हातपंप दहा-वीस वेळा मारावा. त्यानंतर गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली, तर फीड पंपाचे एकमार्गी व्हॉल्व्ह, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह किंवा वरील जोडांपैकी एखादी बारीक फट यांत दोष आहे. हातपंपाने काही फरक पडला नाही, तर डिझेलच्या वाटेचा नाद सोडून बॅटरी आणि कॉम्प्रेशनकडे वळावे.

फिल्टर आणि पाणी याविषयी थोडक्यात : पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली आर्द्रता थंड होऊन पाणी साचते, आणि पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी टाकीचा आणि फिल्टरचा तळाचा प्लग उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. खाली वेगळा थर दिसला तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे. पाण्यामुळे पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारा आतला दट्ट्या) आणि नोझलची सुई गंजते, आणि ती दुरुस्ती फिल्टरच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडते.

पांढरा धूर : डिझेल आहे, आग नाही

फिरण्याचा वेग योग्य असूनही पांढरा धूर येत राहिला, तर ऑइल भरण्याचे झाकण काढून सेल्फ मारावा. तेथून जोरात वाफा आल्या, मेकॅनिकच्या भाषेत इंजिन बॅक मारत असले, तर रिंग आणि लायनर झिजले आहेत. खरा निर्णय कॉम्प्रेशन गेजने करावा. नव्या इंजिनात सुमारे २४ ते २८ बार दाब मिळतो. एकूण आकडा कमी असण्याइतकेच सिलिंडरांमधले अंतर महत्त्वाचे आहे. एखादाच सिलिंडर फार खाली असेल, तर आधी टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतली) फट तपासावी. फट संपलेली असल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि ही दुरुस्ती जवळजवळ फुकटची आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर खाली असतील, तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट गेलेले असण्याची दाट शक्यता असते.

गाडी नुकतीच वर्कशॉपमधून आली असेल, तर तेथे कशाला हात लावला होता हे आधी विचारावे. पंप काढून बसवला असेल तर टायमिंग चुकलेले असू शकते. हाय प्रेशर पाइप अदलाबदल होऊन जोडले असतील, तर ६९७ मधील १-५-३-६-२-४ हा फायरिंगचा क्रम बिघडतो आणि गाडी नुसता धूर सोडत राहते.

थंड असताना लगेच सुरू होणारी, पण तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू न होणारी गाडी बहुधा पंपाकडे बोट दाखवते. गरम डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या एलिमेंटच्या फटीतून निसटते. सेल्फच्या कमी वेगात ते नोझल उघडण्याइतका दाब तयार करू शकत नाही. पंपावर ओले फडके काही मिनिटे ठेवून गाडी सुरू झाली, तर निदान बरोबर आहे. अनेक ड्रायव्हर यासाठी पंपावर थंड पाण्याची बादली ओततात. ते करू नये, कारण अचानक आकसलेले कवच आतल्या एलिमेंटला पकडून बसते.

थंडी आणि पूर

आपल्याकडे निफाड-नाशिकच्या बाजूला हिवाळ्यात पहाटे पारा बराच उतरतो, पण एवढ्या थंडीने निरोगी इंजिन अडत नाही. फार तर जाड ऑइलमुळे सेल्फ मंद होतो. खरी अडचण उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीची आहे. भारतीय मानक आयएस १४६० नुसार डिझेल फिल्टरमधून जाण्याची मर्यादा, म्हणजे ज्याखाली ते फिल्टर बुजवते ते तापमान, हिवाळ्यात ६ आणि उन्हाळ्यात १८ अंश सेल्सिअसपर्यंत चालते. महाराष्ट्रात टाकी भरून जानेवारीत काश्मीरकडे गेलेल्या गाडीच्या फिल्टरमध्ये मेण गोठून डिझेल थांबले, तर त्यात दोष ना पंपाचा ना बॅटरीचा. वाटेत टाकी कमी होऊ द्यावी आणि थंड प्रदेशात शिरताना तेथील पेट्रोल पंपावरचे डिझेल भरावे. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत गोठणार नाही असे वेगळे डिझेल आणले. गोठलेला फिल्टर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकावा. टाकीखाली शेकोटी पेटवणे किंवा हवेच्या पाइपापाशी जळती मशाल धरणे ही पद्धत चालकासकट गाडी जाळणारी आहे.

ईथरच्या स्प्रेविषयीही सावध राहावे. तो डिझेलच्या आधीच, पिस्टन वर येत असताना पेटतो, त्यामुळे रिंग तुटतात आणि पिस्टनला तडे जातात. हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनात तर हवेच्या मॅनिफोल्डमध्येच स्फोट होऊ शकतो. स्प्रेची सवय लागलेली गाडी म्हणजे कॉम्प्रेशन गेलेली गाडी, असे समजून दुरुस्ती करावी.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये आलेल्या पुरांत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा गाडीचा सेल्फ मुळीच मारू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवावी, सर्व नोझल काढावीत, इंजिन हाताने सावकाश फिरवून पाणी बाहेर काढावे, इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि टाकीतले डिझेल बदलावे, आणि मगच पुढचे पाहावे. पुराचा संबंध नसतानाही इंजिन अर्धा फेरा फिरून एकदम दगडासारखे थांबले, तर हाच नियम लावावा, कारण गॅस्केटमधून उतरलेले पाणीही तेच करते.

धक्का देऊन किंवा दुसऱ्या गाडीने ओढून ट्रक सुरू करायचाच असेल, तर तो सपाट रस्त्यावर करावा. एअर ब्रेकच्या गाडीत इंजिन बंद असताना टाकीत हवा भरत नाही, म्हणजे उतारावर सोडलेल्या ट्रकला ब्रेक जवळजवळ नसतोच. घाटात असा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये. गाडी दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळूहळू सोडत पेटवावी.

पंप उतरवायचाच ठरला, तर सोडवण्यापूर्वी कपलिंगवर आणि पंपाच्या बुडाशी छिन्नीने जुळणाऱ्या खुणा कराव्यात, उघड्या पडलेल्या प्रत्येक पाइपच्या तोंडाला स्वच्छ टोपी किंवा प्लॅस्टिक बांधावे आणि पंप रूममधून परत घेताना प्रत्येक एलिमेंटने सेल्फच्या वेगाला किती डिझेल दिले, याचे कॅलिब्रेशनचे आकडे लिहून मागावेत. पूर्ण वेगाचे आकडे उत्तम असूनही सेल्फच्या वेगाला कमी डिझेल देणारा पंप गाडी सुरू होऊ देत नाही.